वाचकांचे प्रश्न: साहेबाचा संडास अंगणात होता का हो?

मागच्या अंकात मी इंदूरच्या मालवा मिलच्या भोंग्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि जाता जाता एक वाक्य टाकलं की इंग्लंडात मिलच्या लोकांना पहाटे उठवायला पगारी माणूस असायचा, तर त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात बाकीचे प्रश्न (गुडघेदुखी, जावयाचा मानपान, पंढरपूरची गाडी) सगळे बाजूला ठेवलेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी पाटनीपुऱ्याजवळच्या चाळीत वाढलो, वडील मिलमध्ये साळखात्यात (म्हणजे विणकामाच्या खात्यात) होते, आणि १९६७ साली मी कापडाचा कोर्स करायला इंग्लंडात लँकेशायरमधल्या बोल्टन गावी गेलो, तिथे दोन वर्षं एका विणकर बाईंच्या घरी भाड्याने राहिलो. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या बाईंकडून ऐकलेलं. त्यांचं लहानपण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं आणि त्या लढाईतलं, त्यांच्या मुलाचं १९५० नंतरचं.

प्रश्न: माझा मुलगा मँचेस्टरजवळ असतो, मी उन्हाळ्यात तीन महिने तिकडे जाते. शेजारी एक ऐंशीच्या पुढची गोरी बाई आहे, फार गोड आहे. ती म्हणते तिच्या लहानपणी संडास अंगणात होता आणि आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही पत्र्याच्या टबात. मला वाटतं ती माझी चेष्टा करते. आपण लहानपणी पाहिलेले इंग्रज म्हणजे रेसिडेन्सीतले बंगले आणि महूच्या छावणीतले साहेब! – एक काकू, स्नेहलतागंज

ताई (तुम्ही काकू लिहिलंय पण आपण एकाच वयाचे दिसतो, मी ताईच म्हणणार), ती बाई अजिबात चेष्टा करत नाहीये. मी गेलो तेव्हा, म्हणजे १९६७ मध्येसुद्धा, आमच्या घराचा संडास मागच्या अंगणाच्या टोकाला होता, आणि पहिल्या दिवशी मी बाईंना विचारलं बाथरूम कुठे तर त्यांनी अंगणातल्या भिंतीकडे बोट दाखवलं, तिथे खिळ्याला पत्र्याचा लांबट टब टांगलेला! मामाने अंगठी मोडून तिकीट काढून दिलं होतं, एक पौंड म्हणजे तेव्हा एकवीस रुपये, आणि मी तिथे उभा राहून विचार करतोय की हे तर पाटनीपुऱ्यातच होतं, इतक्या लांब कशाला आलो.

घरं म्हणजे आपल्या मिलच्या लाईनीच समजा, फक्त विटांच्या आणि दुमजली. दोन खोल्या खाली, दोन वर, भिंतीला भिंत लागून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग ओळ आणि पुढचं दार उघडलं की थेट फुटपाथ. लीड्ससारख्या शहरात तर मागच्या भिंतीलाही दुसरं घर चिकटलेलं असायचं, म्हणजे मागे अंगणच नाही, दोन-चार घरांत मिळून एक संडास. १९५१ च्या जनगणनेत तिकडे तीनातल्या एकाहून जास्त घरांत बसवलेला टब नव्हता. साहेबाच्या देशात!

शुक्रवारी रात्री टब आत यायचा, कोळशाच्या शेकोटीसमोर ठेवायचा, पाणी तापवून ओतायचं, आधी वडील, मग मुलं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, पाणी तेच, वरून एखादी गरम किटली ओतायची. बाईंचा धाकटा भाऊ पाचवा होता, तो म्हणायचा मी आंघोळ करून जास्त मळायचो. संडासात खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे दोऱ्यात ओवलेले, ते कापायचं काम मुलांचं, आणि हिवाळ्यात तिथे रात्रभर एक छोटा कंदील जळत ठेवायचा, उजेडासाठी नाही, पाण्याचा पाईप गोठू नये म्हणून. रात्री एकट्याने जायची भीती वाटायची म्हणून बहिणी बहिणी जोडीने जायच्या, एक आत आणि एक बाहेर गाणं म्हणत. हे ऐकून मला हसू आलं कारण आमच्या चाळीत हेच होतं, फक्त आम्ही रामरक्षा म्हणायचो.

आता महूचं. तुम्ही पाहिले ते साहेब होते, ऑफिसर. पण छावणीत जे साधे गोरे सोल्जर होते, ज्यांना सगळे टॉमी म्हणायचे, ते याच गल्ल्यांतली पोरं. माझे वडील सांगायचे की उन्हाळ्यात टॉमी लोक नळाखाली डोकं धरून उभे राहायचे ते राहायचेच, आणि बाजारातले लोक हसायचे की साहेबाने पाणी कधी पाहिलं नाही का. वडिलांना वाटायचं हे उन्हामुळे. मला बोल्टनचा तो टब पाहिल्यावर वेगळंच वाटायला लागलं.

त्या शेजारच्या बाईंना पुढच्या वेळी पोहे खाऊ घाला आणि बसून ऐका. नोंद करून ठेवा, ही माणसं आता फार उरली नाहीत.

प्रश्न: तो उठवणारा माणूस भोंगा असताना कशाला लागायचा? – मालवा मिलजवळचे एक वाचक

बरोबर प्रश्न आहे. भोंगा तिकडेही होता, पण भोंगा सांगतो की वेळ झाली, तो तुमच्या नावाने हाक मारत नाही. पाच मिनिटं उशीर झाला की गेट बंद आणि मजुरी कापली, आणि गजराचं घड्याळ गरीब घरात सुरुवातीला नसायचंच. मग एक म्हातारा किंवा एखादी बाई लांब काठी घेऊन निघायची, काठीच्या टोकाला तारा बांधलेल्या, वरच्या खिडकीच्या काचेवर टकटक टकटक, तुम्ही खिडकीशी येऊन हात दाखवला की मगच पुढे. आठवड्याला थोडे पेन्स द्यायचे. लंडनच्या पूर्व भागात एक बाई नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून खिडकीवर मारायची, तिचा फोटो प्रसिद्ध आहे. लढाईनंतर घड्याळं स्वस्त झाली आणि १९५० नंतर हे लोक हळूहळू दिसेनासे झाले. बाईंना लहानपणी एकच कोडं पडायचं की त्या उठवणाऱ्याला कोण उठवतं. मला अजून पडतं.

त्याच्यानंतरचा आवाज म्हणजे लाकडी तळाच्या बुटांचा. त्यांना क्लॉग म्हणतात, खाली लोखंडी पट्टी ठोकलेली, आणि पहाटे शेकडो माणसं दगडी रस्त्याने मिलकडे निघाली की अख्खी गल्ली खडखडायची. मुलांचे पण क्लॉग असायचे, आणि फुटपाथच्या दगडावर पाय जोरात घासला की ठिणगी उडते, मग कोणाची ठिणगी मोठी यावर शर्यत, आणि पट्टी झिजवली म्हणून घरी मार.

प्रश्न: आमची आई चाळीत नळावर भांडायची, भाकऱ्या करायची, गोधड्या धुवायची, आम्ही तिला बसलेलं पाहिलंच नाही. तिकडच्या मेमसाहेबांना नोकर असतील ना? – एक वाचिका, नंदानगर

अहो ताई, नोकर कुठले! लँकेशायरची खासियत तर ही की तिथल्या बायका लग्नानंतरही मिलमध्ये मागावर उभ्या राहायच्या, पोरं आजीकडे नाहीतर शेजारणीकडे. आणि घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू.

सोमवार म्हणजे धुणं. मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे, हाताने फिरवायच्या दोन लाकडी रुळांच्या मशीनमध्ये पिळायचे आणि मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून वाळत घालायचे, सगळ्या घरांचे एकाच दिवशी, म्हणजे गल्लीत आभाळच दिसायचं नाही, नुसत्या चादरी. तेवढ्यात कोळसेवाल्याची घोडागाडी आली की बायकांची धावपळ, बांबूने दोऱ्या वर उचलून धरायच्या आणि खालून कोळशाने काळा झालेला तो कोळसेवाला काळ्या गोण्या घेऊन जाणार, एक गोणी घासली की सकाळपासूनची मेहनत पाण्यात. वर मिलच्या धुराड्यांची काजळी आहेच. आणि साबण रेशनवर होता, १९४२ पासून १९५० पर्यंत. त्याच सोमवारी काही बायका नवऱ्याचा रविवारचा सूट गहाणवटीच्या दुकानात नेऊन ठेवायच्या आणि शनिवारी मजुरी आली की सोडवून आणायच्या, रविवारी चर्चला घालायला. नवऱ्याला पत्ता नसायचा म्हणे. मला तरी शंका आहे, सगळ्यांना सगळं माहीत असणार.

मला सगळ्यात जास्त जवळचं काय वाटलं तर दाराची पायरी. आपल्याकडे ओटला शेणाने सारवायचा, रांगोळी काढायची, तसं तिकडे गुडघ्यावर बसून पायरी धुवायची आणि ओली असतानाच एका मऊ दगडाने घासून तिची कड पांढरी नाहीतर पिवळसर करायची. डाँकी स्टोन म्हणतात त्याला, साबणाच्या वडीएवढा. आणि तो दुकानातून आणायचा नाही, जुन्या चिंध्या देऊन हातगाडीवाल्याकडून घ्यायचा. म्हणजे आपली बोहारीणच की, फक्त पातेल्याऐवजी दगड! ज्या घराची पायरी काळी ती बाई गल्लीच्या तोंडी. घरात काही नसेल, पण पायरी चकचकीत पाहिजे. आमच्या बाई पंचेचाळिशीच्या आत होत्या तरी गुडघे गेले होते.

आणि एक गोष्ट सांगतो, ती मी कधीच विसरणार नाही. मागाचा आवाज किती असतो हे तुम्हा मिलवाल्यांच्या घरी सांगायला नको. माझे वडील घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे, आम्हाला लहानपणी वाटायचं सतत रागावलेत, मोठं झाल्यावर कळलं की कान गेलेत. तर तिकडच्या बायकांनी त्या आवाजात बोलायची वेगळीच तऱ्हा काढली होती, आवाज न काढता ओठ मोठेमोठे हलवून, चेहरा ताणून, हातवारे करून, आणि समोरची ओठांवरून वाचायची. मी-मॉ असं नाव आहे त्याला. मिलमधून ती गल्लीत आली. बाळंतपण, आजारपण, नवऱ्याची दारू, असलं काही बोलायचं झालं की आमच्या बाई अंगणाच्या भिंतीशी उभ्या राहून समोरच्या बाईशी पंधरा पंधरा मिनिटं एक शब्द न काढता गप्पा मारायच्या आणि मधूनच दोघी हसायच्या, मी खिडकीतून बघतोय, काही कळत नाही. एकदा मी विचारलं काय चाललंय, तर मोठ्याने म्हणाल्या, "काही नाही लव्ह, हवामान." (तिकडे तेव्हा बसचा कंडक्टरसुद्धा गिऱ्हाईकाला लव्ह म्हणायचा, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान लाल झाले होते.)

प्रश्न: काका, तिकडची मुलं तेव्हा काय खेळायची? मोबाईल तर नव्हताच. – इयत्ता सातवी, सुदामानगर

बेटा, तुझ्या आजोबांना विचार, तेच. गोट्या, लंगडी, दोरीवरच्या उड्या, रस्त्याच्या दिव्याच्या खांबाला दोरी बांधून झोका. गल्लीत मोटार आठवड्यातून एखादी, म्हणून गल्ली पोरांची. आपल्याकडे नाही असा एक खेळ कॉन्कर्स, जंगली चेस्टनटचं टणक तपकिरी बी असतं, त्याला भोक पाडून दोरीत ओवायचं आणि दुसऱ्याच्या बीवर आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. काही लबाड पोरं ते व्हिनेगरमध्ये भिजवून किंवा भट्टीत भाजून आणखी कडक करायची.

पण तुला आवडेल ती ५ नोव्हेंबरची शेकोटी. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी तिथली पार्लमेंट बंदुकीच्या दारूने उडवायचा कट केला, पकडले गेले, त्याची आठवण म्हणून दर वर्षी गल्लीत मोठी होळी पेटवायचे आणि फटाके उडवायचे. मुलं जुन्या कपड्यांत गवत-कागद कोंबून बुजगावणं करायची, ते ढकलगाडीत घालून रस्त्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एक पेनी मागायची, म्हणजे आपली होळीची वर्गणी. लाकडं महिनाभर आधीपासून जमवायची, आणि आता खरी गंमत, दुसऱ्या गल्लीची लाकडं रात्री जाऊन पळवायची! म्हणून प्रत्येक गल्लीचा पहारा असायचा. आम्ही एका वर्षी पाटनीपुऱ्यात एका घरची बाजच होळीत टाकली होती, बाईंच्या भावाने कोणाच्या तरी संडासाचं दार टाकलं होतं. तो जास्त पुढचा निघाला.

खाऊचं म्हणशील तर गोळ्या-चॉकलेट १९४२ पासून रेशनवर, आठवड्याला साधारण ८५ ग्रॅम, कमीजास्त व्हायचं. ५ फेब्रुवारी १९५३ ला ते उठलं तेव्हा मुलं गल्ले फोडून दुकानात धावली. आमच्या बाईंचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, त्याला काही आठवत नाही, पण बाईंना आठवतं, कारण तो इतक्या टॉफ्या खाऊन ओकला की त्यांना पुन्हा पायरी धुवावी लागली. शाळेत १९४६ पासून रोज फुकट दूध मिळायचं, छोटी बाटली, आपल्या हिशोबाने १९० मिली, हिवाळ्यात ते गोठून झाकण वर यायचं आणि मास्तर बाटल्या हीटरजवळ ठेवायचे, मग कोमट दूध. बऱ्याच जणांना त्याचा आयुष्यभराचा वीट आला.

प्रश्न: सर, तुमचं सगळं छान छान चाललंय. पण गरिबी ती गरिबी. म्हातारी माणसं "तेव्हा दारं उघडी असायची" म्हणत गळे काढतात ते मला पटत नाही. चोरायला काही नव्हतंच ना? – एक इंजिनियर, विजयनगर

भिया, अर्धं मान्य. आमच्या बाई स्वतःच म्हणायच्या की दारं उघडी होती कारण आत नेण्यासारखं काही नव्हतं, आणि बंद केलं तर चूल धूर करायची. भिंतींना ओल, एका पलंगावर चार पोरं, क्षयाची भीती. मागाच्या धोट्यात (आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन) धागा ओढायला विणकर तोंड लावून श्वास आत ओढायचे, एकाच धोट्याला कितीतरी तोंडं, ते तिकडे १९५२ मध्ये बंद करायला लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये ५ ते ९ तारखेपर्यंत कोळशाच्या धुराचं असं काळं धुकं बसलं की तेव्हाच्या हिशोबाने चार हजार माणसं मेली, नंतरचे अभ्यास बारा हजारांपर्यंत सांगतात, त्यानंतर कुठे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. डॉक्टरला घरी बोलावणं म्हणजे पैसे, म्हणून आई लोक शेवटपर्यंत थांबायच्या. ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली, सगळ्यांना फुकट, आणि बाईंच्या आईने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं की तिला कित्येक वर्षांपासून त्रास होता. असल्या दिवसांसाठी कोणी गळा काढू नये.

पण उरलेलं अर्धं मान्य नाही. तू कधी लक्ष दे, या सगळ्या लोकांच्या आठवणी घरातल्या नसतातच, गल्लीतल्या असतात, आमच्याही तशाच. कारण घरात जागाच नव्हती. झोपायला आणि जेवायला आत, बाकी सगळं बाहेर. गल्ली ही घराची मोठी खोली होती आणि ती सगळ्यांची एकच होती, म्हणून भांडणंही तिथेच आणि बाळंतपणात गरम पाणी घेऊन येणारी बाईही तिथूनच. ती बाई फार थोर होती असं नाही, तिला माहीत होतं की पुढच्या वर्षी तिची पाळी आहे. २ जून १९५३ ला राणीचा राज्याभिषेक टीव्हीवर दाखवला तेव्हा गल्लीत टीव्ही एकाकडे, आणि त्या एवढ्याशा खोलीत पंचवीस माणसं, पडदे ओढलेले, बाई म्हणायच्या आम्ही राणीपेक्षा एकमेकांच्या टोप्याच जास्त पाहिल्या. तुझ्या आईला विचार १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा तुमच्याकडे किती चपला दाराबाहेर असायच्या.

मग सरकारने त्या गल्ल्या पाडायला घेतल्या, लोकांना उंच इमारतींत फ्लॅट दिले, आत बाथरूम, आत संडास, नळाला गरम पाणी. बायका रडल्या, आनंदाने. मी तिथेच होतो तेव्हा १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉईंट नावाची बावीस मजली नवीकोरी इमारत, गॅसचा स्फोट होऊन तिचा एक कोपराच्या कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार माणसं गेली. आमच्या बाईंच्या बहिणीला तशाच एका इमारतीत फ्लॅट मिळणार होता. पेपर वाचून बाई म्हणाल्या तरीही ती जाईल, तिला बाथरूम हवंय. आणि ती गेली, आणि शेवटपर्यंत खूश होती, फक्त सोमवारी बसने आमच्याकडे यायची आणि भिंतीशी उभी राहून मी-मॉ करायची.

प्रश्न: या लोकांनी कधी आपल्याबद्दल विचार केला असेल का? त्यांच्या मिल आपल्याच बाजारावर चालायच्या ना? – एक निवृत्त शिक्षक, रामबाग

केला, सर, आणि पोटाला चिमटा बसल्यावर केला. आपण विलायती कापड सोडलं आणि लँकेशायरच्या मिल बंद पडू लागल्या. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम तिथे गेले, बोल्टनहून जवळच डार्वेन म्हणून गाव आहे तिकडे, आणि मिलच्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल, मधोमध पंचा आणि चारी बाजूंनी हसणाऱ्या बायका. लंडनला ते हॉटेलात राहिले नाहीत, पूर्व भागातल्या कामगार वस्तीत किंग्जली हॉलमध्ये राहिले, पहाटे गल्ल्यांतून फिरायला निघायचे आणि पोरं मागे लागायची. वाढदिवसाला तिथल्या बालवाडीतल्या मुलांनी त्यांना लोकरीची खेळण्यातली कुत्री आणि गुलाबी मेणबत्त्या पाठवल्या होत्या. आमच्या बाई तेव्हा तीन वर्षांच्या. त्यांच्या वडिलांचं काम गेलं होतं त्या काळात, आणि तरी मी पहिल्यांदा दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की चहात साखर किती.

आता तर तिकडच्या मिलही नाहीत आणि आपल्याही नाहीत. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या (चित्ररथ) निघतात तेवढ्यापुरतं त्यांचं नाव घेतो.

प्रश्न: मागे एकदा तुम्ही लिहिलं होतं की त्या बाईंनी निघताना काहीतरी भेट दिली. काय दिलं? – एक नियमित वाचिका, लोकमान्यनगर

डाँकी स्टोन दिला. नवा कोरा, वर्तमानपत्रात गुंडाळून, म्हणाल्या आईला दे. १९६९ मध्ये मी तो इंदूरला आणला, आईला सगळं समजावून सांगितलं की अशी अशी पायरी धुवायची, कड पांढरी करायची, तिकडे याला फार मान आहे. आईने तो हातात घेतला, वास घेतला, नखाने खरवडून पाहिला आणि मोरीत वज्रीच्या शेजारी ठेवून दिला. सहा महिने तिने त्याने टाचा घासल्या. संपला तेव्हा म्हणाली, चांगला होता हो, आणखी एक मिळतो का बघ.